दोन टप्पे

देवळाली कॅम्पातल्या कोर्टाचं कुलूप
थंडीत आधी तळहातात धरावं लागतं, मग उघडतं.
रात्रीचे अडीच. बाबांनी दिवा लावला नाही,
बिल क्लबाचं असलं तरी.
समोरच्या भिंतीखालच्या पत्र्याला फोन टेकवला
आणि हातभर अंतरावर आम्ही दोघं, एका घोंगडीत.

तिकडे संध्याकाळ होती.
काचेच्या खोलीत यशोधरा,
पाठीवर देशाचं नाव, त्याखाली गांगुर्डे,
इंग्रजीत एक अक्षर चुकलेलं.
महिला एकेरी, उपांत्यपूर्व फेरी.
समोर इजिप्तची पोरगी. तिचं नाव
बाबांच्या जिभेवर बसेना, म्हणून ती 'डावरी'.

नेट अडकायचं. चित्र थिजायचं,
यशोधराचा एक पाय हवेत, वेणी आडवी,
पण आवाज येत राहायचा,
आणि तिथला चेंडू इथल्या चार भिंतींना लागायचा.
बाबा डोळे मिटून सांगायचे:
लांब. डावा कोपरा. उचलला. पत्रा.
"पत्रा" म्हणताना त्यांचा खांदा उडायचा.

मार्कर म्हणजे हल्ली पोरांना फळ्यावरचा पेन वाटतो.
बाबा एकतीस वर्षं मार्कर होते.
साहेबांसाठी चेंडू गरम करायचा, आधी काखेत, मग भिंतीवर.
साहेबांशी खेळायचं, जिंकायचं नाही,
आणि जिंकत नाही आहोत हे दिसूही द्यायचं नाही.
साहेब आपसात खेळले की वर गॅलरीत उभं राहून मोजायचं.
दोन टप्पे पडून मेलेला चेंडू
साहेबांनी उचलायचा, मान वर करून बघायचं,
की म्हणायचं, "बरोबर आहे, सर."

डबा घेऊन आलेल्या आम्ही दोघी पायरीवर.
मी नऊ वर्षांची, ती सहाची.
ती मोठ्यांदा म्हणायची, "दोन!"
मी तिचं तोंड दाबायचे.
तळहाताला तिचे दात लागायचे.

पाचवा गेम. नऊ-नऊ.
चित्र पुन्हा थिजलं.
बूट चिरकतायत, कुणाचा तरी श्वास,
मग कोपऱ्यात एक हलका आवाज
आणि त्याला चिकटूनच दुसरा,
मण्याला मणी लागावा तसा.
"दोन टप्पे," बाबा म्हणाले.
तिकडे रॅली संपली, टाळ्या, कुणीतरी पुकारलं,
दहा-नऊ, गांगुर्डेचं भलतंच काहीतरी करून.
मग टाळ्या मधेच विरल्या.

चित्र सुटलं तेव्हा तिचा हात वर होता.
वर्गात उत्तर येत असल्यावर करतात तसा नाही,
लांबून येणाऱ्या एसटीला दाखवतात तसा, थकून.

नऊ-दहा. मग नऊ-अकरा.
डावरीनं तिला मिठी मारली, बराच वेळ सोडलं नाही.

बाबा उठले. "हात कशाला वर करायचा?
पंचाला पैसे देतात त्याचे."
घोंगडी झटकली. "पाय उशिरा वळला. सांगून सांगून थकलो."
पत्र्यावरची धूळ बोटानं पुसत राहिले.
मग भिंतीवरच्या काळ्या डागांकडे बघत,
"तो मेजर होता ना, उंच, पुण्याकडचा.
क्लबाची फायनल. साल आठवत नाही.
दोन होते."
मी म्हटलं, माहितीय.
"तिला?"
तिनंच तर मोजले होते.

फोन थरथरला. यशोधरा: बघितलंत?
मी हात पुढे केला, पण बाबांनी फोन दिला नाही.
एकेक अक्षर शोधत, चष्म्याशिवाय,
बोटानं टोचून टोचून लिहिलं: दोन होते.
ते जाईना. गोल चक्र नुसतं फिरत राहिलं.
सहाच्या पाळीला मला नाशिकरोडला पोचायचं होतं,
आणि बाबा त्या अंधाऱ्या कोर्टात
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात रेंज शोधत हिंडत होते,
फोन धरलेला हात वर करून.